‘दुकान टाकलंस का गं?’

आई तळघराच्या पायऱ्या उतरली, मी दिवा लावला आणि ती दारातच थबकली. समोर भिंतभर चौकोनी कप्पे. त्यात पुठ्ठ्यांवर गुंडाळून उभे केलेले कापडाचे दीडदोनशे तुकडे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगाने लावलेले. शेजारी रिळांचा फळा. खाली पारदर्शक डबे, प्रत्येकावर छापील चिठ्ठी. मधोमध कापड बेतायचं उंच टेबल. तीन महिने खपून लावलेली माझी क्राफ्ट रूम. मी कौतुकाची वाट बघत उभी.

“दुकान टाकलंस का गं?” आई म्हणाली.

मग कप्प्यातला एक तुकडा काढून बोटांनी चोळून बघितला. “आन शिवलंस काय ह्यातलं?”

शिवलं काहीच नव्हतं.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं म्हणत सेलूत वाढलेली मी लग्नानंतर अमेरिकेत, मिनेसोटात येऊन पडले, त्याला अकरा वर्षं झाली. इकडे छंदालासुद्धा स्वतःची खोली असते, हे पचायलाच मला पाच-सहा वर्षं लागली. आमच्या घरी वाकळा शिवायची जागा म्हणजे ओसरी, आणि वेळ म्हणजे उन्हाळ्यातली दुपार. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि बिस्किटाचा रिकामा डबा. काम झालं की गुंडाळून ट्रंकेत, कारण संध्याकाळी त्याच जागेवर अंथरुणं पडायची. इथे मात्र नोव्हेंबर ते मार्च माणूस घरातच कोंडलेला असतो आणि घराखाली घराएवढंच तळघर मोकळं पडलेलं असतं. म्हणून ठरवलं, ह्या कोपऱ्यात आपली शिवणखोली.

आईचं ‘दुकान’ एका अर्थी खरंच होतं. जोअॅन नावाची कापड-दोऱ्याची मोठी साखळी होती इथे, सुमारे ८०० दुकानं. २०२५ च्या मेअखेर ती सगळीच्या सगळी बंद झाली. शेवटच्या आठवड्यांत कापडच काय, भिंतीवरचे हूक, फळ्या, स्टँडसुद्धा विकायला काढले होते. माझा दोऱ्यांचा फळा तिथलाच. कापड इतकं स्वस्त होतं की मी हावरटासारखं उचललं. आणि ते आणल्यावर शिवायचं सोडून लावत बसले. रोज रात्री तासभर कापड इस्त्री कर, पुठ्ठ्यावर गुंडाळ, टाचणी लाव, रंग बघून कप्प्यात ठेव. लावणं हाच छंद होऊन बसला होता, हे मला आईने विचारेपर्यंत कळलंच नाही.

आता खोली लावतानाचे घोटाळे सांगते, कारण इकडे येऊन घर घेणाऱ्या आपल्या बऱ्याच पोरी हेच करतात.

पहिला घोटाळा भिंतीचा. सेलूच्या वाड्याच्या भिंती दोन-दोन हात रुंद. खुंटी ठोकली की नातवंडांपर्यंत हलत नाही. इथे मी त्याच विश्वासाने फळी ठोकली आणि वर कैच्या, डबे, इस्त्री, सगळं मांडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे धाडकन आवाज. नवरा काठी घेऊन खाली गेला, तर फळी जमिनीवर आणि भिंतीला चार भगदाडं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “कागदाची भिंत हाय का तुमची?” तिला हसताही आलं नाही मला, कारण ती खरंच कागदाची असते. अर्धा इंच जिप्सम आणि दोन्ही बाजूंनी कागद. वजन पेलतात ते आतले लाकडी खांब, साधारण दर १६ इंचांवर एक. ते हुडकायला यंत्र मिळतं, पण मी फ्रिजवरचं लोहचुंबक भिंतीवरून फिरवते. जिथे चिकटतं तिथे स्क्रू, आणि स्क्रू तिथे खांब. त्यानंतर लावलेलं काही पडलं नाही.

दुसरा घोटाळा विजेचा. ऑक्टोबरात तळघर गार पडलं म्हणून हीटर लावला, १५०० वॅटचा. इस्त्रीही तेवढीच. दोन्ही एका ओळीतल्या प्लगवर. इस्त्री तापायला लागली की फट्कन अंधार. इथे १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरची लाइन, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट. हिशेब मला शाळेतही आला असता, पण केला कोणी! अंधारात आईचा आवाज आला, “इथंबी लोडशेडिंग हाय व्हय?” त्या आवाजात जरा समाधान होतं असं मला अजून वाटतं. आता हीटर वेगळ्या लाइनवर आहे.

विजेवरून आठवलं, तिकडची मोटर लावलेली मशीन इकडे आणू नका. २३० व्होल्टची मोटर १२० वर रडतखडत फिरते. मी मागच्या खेपेला आईच्या जुन्या हातमशीनचं नुसतं मुंडकं आणलं होतं, २३ किलोच्या बॅगेत साड्यांत गुंडाळून. विमानतळावर तपासणाऱ्याने तीनदा उघडून बघितलं. पण त्या मशीनला ना व्होल्ट लागतात ना काही. दिवे गेले तेव्हा आई अंधारात हँडल फिरवून दाखवत होती. सोळा नंबरची सुई म्हणून आपण मागतो ती इथे १००/१६ अशा नावाने मिळते आणि तिला बरोब्बर बसते.

तळघर म्हटलं की ओल आलीच. उन्हाळ्यात इथली हवा दमट, आणि गार भिंतीला लागून तिचं पाणी होतं. सुया गंजतात, कापडाला कुबट वास येतो. म्हणून हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावतात आणि दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. जुलैत त्याची बादली रोज भरायची. मी ती मोरीत ओतताना आईने बघितलं आणि माझा हात धरला.

“हे पाणी कुठून आलं?”

“हवेतून.”

“रोज?”

“रोज.”

ती काही बोलली नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि आई पहाटे चारला घागरी रांगेत लावून यायची. त्या बाईसमोर मी हवेतून निघालेलं बादलीभर पाणी सांडत होते. दुसऱ्या दिवसापासून ती बादली तिने ताब्यात घेतली. गुडघे दुखतात तरी रोज चौदा पायऱ्या चढून अंगणातल्या झेंडूला घालायची. जावयाने बादली घ्यायला हात पुढे केला की मलाच दटावायची, “जावयाला पाणी कामून वाहायला लावायलीस?”

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तळघरात रोज तास-दोन तास बसणार असाल तर रॅडॉनची तपासणी करून घ्या. जमिनीतून येणारा वायू आहे, वास नाही, रंग नाही, पण फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण होतो. मिनेसोटात पाचांतल्या दोन घरांत तो जास्त निघतो. लिटरभर हवेत ४ पिकोक्युरी (हे तो मोजायचं माप) किंवा त्याहून जास्त आला तर पाइप आणि पंखा बसवून बाहेर काढायचा. आमच्याकडे कमी निघाला.

तर आई. ती आल्यावर आठ दिवस नुसती बघत होती. नवव्या दिवशी तिने आपल्या बॅगेतून एक बोचकं काढलं. त्यात आजीची दोन जुनी लुगडी, तिच्या स्वतःच्या तीन सुती साड्या, अण्णांचं एक धोतर. “नातवाला वाकळ शिवते,” म्हणाली. “कुठं बसू?”

आणि तेव्हा मला दिसलं की माझ्या एवढ्या मोठ्या क्राफ्ट रूममध्ये बसायला जागाच नाही. मधोमध ३६ इंच उंचीचं टेबल, भोवती चाकाची खुर्ची, कडेने कप्पे. पसरायचं म्हटलं तर हातभर जमीन मोकळी नाही. आणि माझी उंची पाच फूट एक इंच. त्या टेबलावर बेतताना खांदे वर करून करून माझी मान धरायची ती वेगळीच. इंटरनेटवरच्या कुठल्या तरी उंच बाईचं माप मी आपलं म्हणून घेतलं होतं.

टेबलाचे पाय तीन इंच कापले आणि ते भिंतीला सरकवलं. मधली सात बाय सात फूट जमीन मोकळी केली. खालचं काँक्रीट बर्फासारखं, म्हणून आधी लहान पोरांच्या खेळायच्या फोमच्या चटया, त्यावर सेलूची सतरंजी. मग आईने धोतर आणि साड्यांचे थर पसरले, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढल्या, लांब लांब कच्चे टाके टाकले आणि सरळ त्याच्यावर जाऊन बसली. मांडी घालून, कडेला तोंड करून. इथल्या बायका कापड हलू नये म्हणून लाकडी चौकट वापरतात, शेकडो वाकड्या पिना लावतात, गोंदाचे फवारे मारतात. आईची चौकट म्हणजे तिचं स्वतःचं वजन. कडेने धावदोरा घालत, कापड फिरवत आणि स्वतः सरकत ती आत आत जायची. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. चार-पाच टाके सुईवर जमले की एकदम ओढायची. तो सर्रकन येणारा आवाज ऐकत मी कितीतरी उन्हाळे झोपले आहे.

माझ्या डब्यांचीही तिने वाट लावली. चिठ्ठ्या इंग्रजीत, तिला काय कळणार? तिने डबे उघडले, आत काय आहे ते बघितलं आणि प्रत्येकाच्या कडीला त्यातलीच एक चिंधी बांधून टाकली. लेसच्या डब्याला लेस, खणाच्या डब्याला खण, बटणांच्या डब्याला दोऱ्यात ओवलेलं बटण. पहिल्यांदा मला राग आला. सगळं एकसारखं, पांढरंशुभ्र दिसत होतं, त्याला हे पोतराजासारखं सोंग. पण पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं, मी चिठ्ठ्या वाचणं सोडलंय. नजर चिंधीवर जाते आणि हात डब्यावर.

रंगाने लावलेलं कापडही तिला पटलं नाही. “निळं निळ्यापाशी ठिवून काय करायचंय? जे संगं शिवायचं ते संगं ठिव.” मग आम्ही गाठोडी केली. एका गाठोड्यात एका वस्तूचं सगळं: वरचं कापड, अस्तर, दोरा, सुई, मापाचा कागद. अशी अकरा गाठोडी झाली. बाकी कापड उरलं ते उरलंच, आणि ते बरंच उरलं. त्यातलं निम्मं मी देऊन टाकलं. रडू आलं नाही, पण आलं असतं तर चाललं असतं.

एका शनिवारी तिला सेंट पॉल शहरातल्या मोंग बाजारात नेलं. १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेले मोंग लोक इथे खूप आहेत. मिरच्या, कोथिंबीर, भाजीच्या पेंढ्या बघून आई खूश झालीच, पण थांबली ती एका म्हाताऱ्या बाईच्या गाळ्यापाशी. वरचं कापड कातरून, कडा आत दुमडून खालचा रंग दाखवायचा असं त्यांचं काम असतं, टाके तर दिसतही नाहीत. आईने विचारलं नाही, सांगितलं नाही, तुकडा उचलला आणि उलटा करून पाठ बघितली. म्हातारी हसली. मग तिने आईच्या पिशवीतली बाळवाकळ ओढली आणि तीही उलटी केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि सूर्य साडेचारच्या सुमाराला बुडायला लागला. वाकळीचे शेवटचे फेरे राहिले होते. तळघराच्या पिवळ्या दिव्यात काळा दोरा कुठला आणि गडद निळा कुठला ते कळेना. आई दोन्ही रिळं घेऊन चपला घालून बाहेर गेली आणि बर्फावर ठेवून बघितली. “हे निळं,” म्हणत थरथरत आत आली. दुसऱ्याच दिवशी मी ५००० केल्विनचे पांढरे दिवे आणले. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९०च्या वर लिहिलेला बघून घ्यायचा, नुसता पांढरा दिवा पुरत नाही.

ती परत गेली. संक्रांतीला व्हिडिओ कॉल केला तर फोन ट्रंकेकडे वळवून दाखवत होती. ट्रंक चार विटांवर चढवलेली, “वाळवी लागती ना खालून.” आत कडुनिंबाचा पाला. माझ्याकडून नेलेले दोन पारदर्शक डबे मात्र माळ्यावरून खाली आणलेले. मे महिन्यात पत्र्याखाली तडकतील म्हणून तिने आत्ताच त्यांची जागा बदलली होती. त्यांच्या कडीला चिंध्या. फिरत्या पात्याची कातर तिने इथून नेली होती, पिझ्झा कापायच्या चाकासारखी, ४५ मिलिमीटर पात्याची. ती आता घरात नसतेच. आज काकूंकडे, उद्या मावशीकडे, परवा समोरच्या पोरीकडे.

“बोथट झालं गं पातं,” म्हणाली. “सगळ्या गल्लीनं कापायलंय त्याच्यावर. येणाऱ्याच्या हातून चार-पाच पाठव. ४५चीच, मोठी न्हाई बसत. आन तुझी वाकळ कुठवर आली?”

“तिसरा फेरा.”

“मागल्या फोनलाबी तिसराच व्हता.”