पाच मिनिटे

अपघातात पाय गमावलेल्या रुग्णांना पुन्हा उभे करणे हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे रोजचे काम आहे. कोल्हापूर भागात असल्यामुळे अधूनमधून पैलवान रुग्णही येतात, आणि त्यांतल्याच एकांमुळे माझी फार दिवसांची एक चूक माझ्या लक्षात आली.

उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. शस्त्रक्रियेनंतर ते गुडघ्याखालची उशी काढू देत नसत. उशीमुळे आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहून आखडतो आणि मग कृत्रिम पायावर नीट उभे राहता येत नाही, हे मी सांगू लागले की ते भिंतीकडे तोंड फिरवत. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "पैलवान, ही कुस्ती आहे असं समजा. हार मानायची नाही." त्यांनी उशी उचलून खाटेखाली फेकली. मला वाटले, जमले.

त्यानंतरचा व्यायाम त्यांनी त्वेषाने केला. पुढे त्यांना जयपूर फूट मिळाला. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेल्या या रबरी पावलाने अनवाणी चालता येते, चिखलात जाता येते, मांडी घालता येते. जिथे पायताण बाहेर काढूनच आत जावे लागते, त्या तालमीची ओढ असलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट होती. सुरुवातीला पाय थोडाच वेळ घालायचा, लगेच काढून कातडी पाहायची आणि आलेली लाली दहा मिनिटांत ओसरली तरच वेळ वाढवायची, असे मी बजावले होते.

त्या सोमवारी ते घामाघूम होऊन, पण हसत आत आले. "ताई, काल दिवसभर काढला न्हाई. रानात जाऊन आलो." मी सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा पोकळ भाग, उतरवले, तर आतला मोजा कातडीला चिकटलेला होता. सलाईनने भिजवून तो हळूहळू सोडवला. वजन गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड कंडरेवर यायला हवे होते, ते नडगीच्या टोकावर आले होते आणि तिथली रुपयाएवढी कातडी निघाली होती. पंधरा दिवस पाय घालायचा नाही, असे म्हणताच त्यांनी खाटेच्या कडेवर मूठ आपटली. "तुम्हीच म्हणाला हुता, हार मानायची न्हाई. आता थांबा म्हणताय व्हय?"

त्यांचे म्हणणे खरे होते आणि मी ते तसेच कबूल केले. पाय गेल्याचा सगळा राग मी कुस्तीच्या नावाने त्यांच्या हाती परत दिला होता, आणि समोर जोडीदार नसल्यामुळे ते स्वतःच्याच पायाशी झुंजत राहिले होते. कित्येक रुग्णांना मी हेच वाक्य मोठ्या आपुलकीने ऐकवले आहे, हे आठवून मन फार खजील झाले.

जखम धुताना मी विचारले, "तालमीत वस्तादांनी पहिल्यांदा कुठला डाव शिकवला?"

"डाव कुठला? सा म्हैनं निस्ती माती खणायला लावली. पहाटं उठायचं, फावडं घ्यायचं. ताक, तेल, हळद घालून माती वर-खाली करायची."

"राग यायचा?"

"लई यायचा. रागानं घाव घातला की फावडं उसळायचं, ढेकूळ काय फुटायचं न्हाई." एवढे बोलून ते थांबले. मी पट्टी बांधायला घेतली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि शिकवल्याप्रमाणे आठच्या आकड्यासारखी, खाली घट्ट आणि वर सैल होत जाणारी, स्वतः बांधली. ती बांधून झाल्यावर म्हणाले, "पंधरा दिसांनी किती येळ घालायचा?"

"पाच मिनिटे."

"बरं," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी येताना त्यांनी मुलाची शाळेची वही आणली होती. तिच्यात रोजची एक-दोन ओळींची नोंद होती: पालथे झोपणे 20 मिनिटे, गुडघा सरळ, पट्टी तीनदा. दहाव्या दिवसाची नोंद मी त्यांच्यासमोरच वाचली. "खपली ओली हाय. पाय घालावा असं लई वाटलं. घातला न्हाई. पट्टी चारदा बांधली."