आमची वाटचाल: काट्यावर तोललेली चाके

आमच्या दुकानात शिरताना उजव्या हाताला एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ठेवलेला आहे. टायरच्या दुकानात काट्याचे काय काम, असे नवा ग्राहक हमखास विचारतो. २०१२ पासून आमच्याकडे आलेला एकही अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे चाक, आणि एकही टायर या काट्यावर चढल्याशिवाय गाडीला लागलेला नाही, आणि आमच्या व्यवसायाची खरी वाटचाल त्या वर्षापासून सुरू झाली, असे मी मानतो.

त्याआधीची हकिकत थोडक्यात सांगतो. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, साचे भरण्याचे काम करीत. १९९७ साली त्यांनी साठवलेल्या पैशांतून पंक्चरचे छोटे दुकान काढले. पुढे मी हाताशी आलो, २००६ मध्ये अलाइनमेंटचे (चाकांची दिशा जुळवण्याचे) आणि बॅलन्सिंगचे (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याचे) मशीन घेतले आणि गिऱ्हाईक वाढत गेले. कोल्हापूरला गाडीची हौस पहिल्यापासूनच आहे. इथल्या कार्टिंगच्या ट्रॅकवर तयार झालेली मुले देशपातळीवरच्या शर्यतींत उतरली आहेत, त्यामुळे वेगाची आवड असणारा तरुण ग्राहक आम्हाला शोधावा लागला नाही. तो मोठी, चकचकीत चाके मागत असे आणि आम्हीही ती बसवून देत होतो. पंधरा इंच काढून सतरा इंच बसवले की गाडी उठून दिसते, एवढाच विचार तेव्हा होता. चाकाचे वजन किती, हे ना त्याने विचारले, ना आम्ही सांगितले.

२०१२ च्या पावसाळ्यात आम्हीच विकलेले एक चाक परत आले. ग्राहक गगनबावड्याहून परतत असताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळले होते. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता, पण हवा रोज थोडी थोडी कमी होत होती. टायर उतरवल्यावर रिमच्या आतल्या काठाला बोटभर लांबीची तडा दिसली. पुरवठादाराने रस्त्याचा दोष सांगून हात वर केले. आबांनी ते चाक शिकंज्यात धरून तड्याच्या जागी कापले आणि कापलेली बाजू उजेडात धरली. चकाकत्या रंगाच्या खाली धातू राखाडी, भरड आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांनी भरलेला होता. "हे बघ, गॅस आत राहिलाय. रस बसायच्या आधीच गार झालाय. असलं कास्टिंग आम्ही पंपाच्या बॉडीलासुद्धा पास केलं नसतं," एवढेच ते बोलले. त्या ग्राहकाचे पैसे आम्ही परत केले, उरलेले सेट भंगारात घातले आणि त्याच आठवड्यात काटा विकत आणला.

काटा का, हे सांगायला हवे. बहुतेक अलॉय व्हील ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूचे ओतकाम असते. ओतकामाच्या दर्जाची खात्री नसेल तर बनवणारा धातू जाड ठेवून ताकद मिळवतो आणि चाक जड होते, किंवा पैसे वाचवण्यासाठी तो जाडी कमी करतो आणि चाक कमकुवत होते. फ्लो फॉर्मिंग या पद्धतीत आधी चाक ओततात आणि मग ते गरम असताना फिरवत ठेवून त्याचा पिंपासारखा भाग रोलरने दाबत लांबवतात. त्यामुळे तो भाग पातळ होऊनही मजबूत राहतो. फोर्ज्ड चाकात घन धातूचा ठोकळा प्रचंड दाबाच्या प्रेसखाली घडवतात, म्हणून ते सर्वांत हलके आणि चिवट असते. जोराचा धक्का बसला तर ते सहसा तडकत नाही, वाकते. त्याची किंमतही अर्थातच सर्वांत जास्त. काटा एकट्याने दर्जा सांगत नाही, पण पेटीवर लिहिलेले वजन आणि काट्यावरचे वजन यांत फरक पडला की पुढचे प्रश्न विचारायला आधार मिळतो. चाकावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाचणीचे शिक्के आहेत का आणि ते ओतकामातच उमटलेले आहेत की नंतर चिकटवलेले, हेही आम्ही तेव्हापासून पाहू लागलो.

हा सगळा अभ्यास पणाला लागला तो एका डॉक्टरांच्या गाडीमुळे. त्यांनी दुसऱ्या पिढीची जुनी ऑडी टीटी ही स्पोर्ट्स कार घेतली होती आणि ती रविवारपुरती झाकून न ठेवता रोज कोल्हापूर ते इचलकरंजी अशी ते चालवत. गाडीला ९ इंच रुंदीची १९ इंची चाके आणि २५५/३५ आकाराचे टायर होते. टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, तिच्या ३५ टक्के म्हणजे टायरचा गाल, म्हणजे रिमच्या काठाबाहेरची उभी बाजू, जेमतेम ८९ मिलिमीटर. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी दबलेल्या रस्त्यावर त्या गालाला वर्षात दोनदा फुगा आला. "गाडी चपळ राहिली पाहिजे, पण दर महिन्याला मी तुमच्या दारात दिसता कामा नये," असे त्यांनी सांगितले. स्पोर्ट्स कार रोज चालवणाऱ्या कुणाचीही मागणी याहून वेगळी नसते.

आम्ही त्यांना दोन इंच खाली, १७ इंची चाके आणि २२५/५० टायरवर आणले. याच मॉडेलला कंपनीने १७ इंची चाकेही दिलेली आहेत, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधील बदलांच्या बंधनाचा किंवा विम्याचा प्रश्न उभा राहण्याची धास्ती कमी झाली. आकाराचा हिशेबही जुळतो. जुन्या टायरसह चाकाचा व्यास ६६१ मिलिमीटर होता, नव्याचा ६५७ होतो. म्हणजे फरक एक टक्क्याहून कमी, आणि स्पीडोमीटर जवळपास तेवढेच दाखवतो. गाल मात्र ११२ मिलिमीटरचा झाला. खड्ड्याचा मार आधी सोसायला तेवीस मिलिमीटर जास्तीचे रबर आणि हवा मिळाली.

काट्यावर जुने रिम १२.९ किलो आणि टायर ११.२ किलो भरला. नवे ८ इंच रुंदीचे फ्लो फॉर्म्ड रिम ८.९ किलोचे आणि टायर १०.३ किलोचा. एका कोपऱ्याला ४.९ किलो वाचले, चारींचे मिळून १९.६ किलो. डिकीतून वीस किलोचे सामान उतरवण्याहून याचा फायदा जास्त आहे. चाक स्प्रिंगच्या खाली लटकलेले असते, खड्ड्यातून वर फेकले गेले की शॉकॲब्सॉर्बरला ते आवरून पुन्हा रस्त्याला टेकवावे लागते. ते जितके हलके तितके लवकर टेकते, आणि टेकलेले चाकच ब्रेक लावू शकते. शिवाय चाक फिरतेही. मध्यापासून दूर असलेला भार फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून अगदी बाहेरच्या कडेवरचा एक किलो गाडी पळवताना जवळजवळ दोन किलोंसारखा भासतो. टायर सर्वांत बाहेर असल्यामुळे त्याच्या वजनाकडे दुर्लक्ष करून केवळ रिमच्या ग्रॅमवर भांडणे मला पटत नाही.

डॉक्टरांना मग हलकेपणाची गोडी लागली. सात किलोंच्या आसपासचे, ट्रॅकसाठी बनवलेले रिम त्यांनी दाखवले आणि त्याच आकारात ९.६ किलोचा टायरही शोधला. दोन्हींना मी नकार दिला. ट्रॅकवर खड्डा नसतो, आणि त्या रिमचा आतला काठ पाहून मला २०१२ सालचे चाक आठवले. तो हलका टायर ९४ भारांकाचा होता, म्हणजे एका टायरला ६७० किलो. काढलेले टायर ९६ भारांकाचे, ७१० किलोंचे होते. आम्ही ९८ भारांकाचा, ७५० किलो पेलणारा प्रबलित टायर घेतला आणि सातशे ग्रॅम जास्त आनंदाने स्वीकारले. गगनबावड्याच्या पावसात करूळ घाट उतरायचा असेल तर पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा लागतात, म्हणून ट्रॅकसाठीचे मऊ, कमी खाचांचे टायरही बाजूला ठेवले.

निवड झाली की काम संपले असे पुष्कळांना वाटते, पण मला खरा घोर इथून पुढे असतो. ऑडीच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारी बाजू, गोल असते आणि बाजारातील बहुतेक चाकांची शंकूसारखी. दोन्हींचे आटे एकच असल्यामुळे चुकीचा बोल्टही निमूट घट्ट होतो. आम्ही बोल्टच्या बैठकीला मार्करची शाई लावतो, हाताने आवळतो आणि काढून पाहतो. बैठक जुळत असेल तर शाई सगळीकडून सारखी पुसली जाते. जुळत नसेल तर केसाएवढी एक रेघ उमटते, आणि सगळे चाक त्या रेघेवर तोललेले असते. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, व्यास ५७.१ मिलिमीटर आणि चाकाचे भोक त्याहून मोठे, म्हणून मधली रिंग अचूक मापाची घ्यावी लागते, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते.

ब्रेक कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) आणि रिम यांमधली जागा मोजण्याची युक्ती आबांची आहे. गणपतीच्या दिवसांत आणलेल्या शाडूची एक गोळी ते कॅलिपरवर चिकटवतात, चाक बसवून हळूच एक फेरा देतात आणि काढून गोळी मोजतात. बॅलन्सिंगचे चिकटवायचे वजनही आतून तीन-चार मिलिमीटर जागा खाते, ते धरूनच हा हिशेब करायचा. डॉक्टरांच्या गाडीत गोळी सहा मिलिमीटर जाड राहिली, म्हणून वजने आम्ही कॅलिपरच्या रेषेतून बाजूला सरकवून लावली. बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरवर आवळले आणि शंभर किलोमीटर चालवून पुन्हा बोलावले.

त्या गाडीचे पान आमच्या वहीत अजून चालू आहे. गेल्या महिन्यात ती एकतीस हजार किलोमीटर चालून आली, तेव्हा पुढच्या टायरची खाच ३.४ मिलिमीटर भरली. कायद्याची खूण १.६ ला असली, तरी घाटाच्या रस्त्यासाठी आम्ही तीनला टायर बदलायला सांगतो. एका रिमच्या आतल्या काठाला किंचित पोचा आहे, तडा नाही. तो ठोकून सरळ करून द्या, असे डॉक्टरांनी सुचवले. ठोकलेले अलॉय आम्ही गाडीला लावत नाही, त्यामुळे त्याच मापाचे एक रिम मागवले आहे. ते आले की आधी काट्यावर चढेल.