मिठावर वसलेलं शहर आणि माझा जुना ट्रक

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे. जवळजवळ साडेतीनशे मीटर खोल, दीड हजार एकरांवर पसरलेली, आत गाड्या धावतील एवढे रुंद रस्ते असलेली. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला आणि त्याच्या मिठाचे थर जमिनीखाली राहिले. १९१० पासून, मधली काही वर्षं सोडली तर, हे मीठ खणून वर काढलं जातंय. पूर्वी हे मीठ कातडी कमावणाऱ्यांना आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना जायचं, आता त्यातलं बहुतेक हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. ज्या शहराने मोटारगाडी सामान्य माणसाच्या दारात आणून उभी केली, त्याच शहराखालचं मीठ त्या गाड्या खातं.

मी वेंगुर्ल्याचा. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज कसे फुगतात, सायकलची साखळी एका पावसाळ्यात कशी लाल होते, हे बघतच वाढलो. पाऊस यायच्या आधी गजांना रेड ऑक्साईड मारणं हे आमच्या घरातलं मे महिन्याचं ठरलेलं काम. तरीही मिशिगनमधला गंज पहिल्यांदा पाहिला तेव्हा हबकलो. कोकणात मीठ वाऱ्यावरून येतं. इथे ते पाण्यात विरघळून चाकांबरोबर उडतं आणि थेट गाडीच्या पोटाला चिकटतं, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. उणे ९ अंशांच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. ते तर हवेतला ओलावा ओढून घेतं आणि वाळायचं नावच घेत नाही. त्यात आपण प्रेमाने गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवतो. थंडीत गारठलेल्या गाडीत गंजाची क्रिया मंद असते. गॅरेजमध्ये बर्फ वितळतो, खारं पाणी फटींत शिरतं आणि ऊब मिळाली की गंज जोरात वाढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पापुद्रे फुगतात आणि दोन पत्र्यांच्या मधला सांधा आतून उचकटला जातो.

माझा पिकअप ट्रक २००४ सालचा आहे. त्याची मागची उघडी पेटी आमच्या इथल्या मराठी मंडळींनी इतकी वापरली आहे की तो माझा एकट्याचा म्हणवत नाही. नव्याने आलेल्या कुटुंबांच्या गाद्या, जुन्या बाजारातून उचललेली जेवणाची टेबलं, विद्यार्थ्यांचं घर बदलणं, आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीची मिरवणूक, सगळं त्यातूनच. मिरवणूक शाळेच्या पार्किंगला फेरी मारून संपते, पण बाप्पा ट्रकवर बसतात आणि पुढे लेझीम खेळतात. हा ट्रक भंगारात घालायचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

खालून मात्र तो वाईट होता. मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक काळाने सरकारी तपासणी होत नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर आरटीओत फिटनेस दाखवावा लागतो. इथे चेसिस सडली आहे की ब्रेकची नळी फुटायला आली आहे, हे मालकानेच वाकून बघायचं. गंज हा इथे किती मोठा विषय आहे ते एका उदाहरणावरून कळेल. टोयोटाच्या टाकोमा पिकअपच्या चेसिस गंजल्या तेव्हा कंपनीने २००८ मध्ये जुन्या मॉडेलांची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि अनेक गाड्या मालकांकडून परत विकत घेतल्या. पुढे २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांच्या दाव्यात तडजोड झाली.

गेल्या ऑगस्टअखेरीस मित्रांबरोबर बॅडमिंटन खेळताना माझ्या उजव्या पायाचं अकिलिस टेंडन तुटलं. पोटरी टाचेला जोडणारा हा जाड पट्टा. मागून कुणीतरी लाथ घातली असं वाटून मी वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं. चाळिशीतल्या, आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी जोरात धावणाऱ्या माणसांना हे बरेचदा होतं. शस्त्रक्रिया न करता पाय खास आधाराच्या बुटात ठेवून बरा करायचं ठरलं. बुटात टाचेखाली पाचरी असतात, पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि तुटलेली टोकं एकमेकांजवळ येतात. मग काही आठवड्यांनी एकेक पाचर काढत जायचं. पूर्ण बरं व्हायला वर्षही लागतं. उजवा पाय असल्याने गाडी चालवणं बंद. घरून काम, कुबड्या, सोफा.

मला सोफ्यावर पडून राहणं जमत नाही. फिजिओथेरपिस्टला विचारलं, पाठीवर झोपून, पायावर भार न टाकता काही काम केलं तर चालेल का? तिने आधी काम काय ते खोदून विचारलं, मग अटी घातल्या: पाय उशीवर, बूट घातलेला, दर थोड्या वेळाने बाहेर येऊन बोटं हलवायची, आणि घरात दुसरं कुणीतरी हवंच. मेकॅनिकच्या चाकांच्या फळीवर आडवं होऊन ट्रकखाली सरकलो, की पायाची गरजच उरत नाही. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी तुझो पाय बरो होवंदे रे, गाडयेखाली कित्याक जातंस?" तिला व्हिडिओवर जाड लोखंडी स्टँड दाखवले, चाकांना लावलेली अडणी दाखवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये, हे मीही तुम्हाला आईच्याच आवाजात सांगतो.

सुरुवात ब्रेकच्या नळ्यांपासून केली, कारण जीव तिथे आहे. पेडल दाबल्यावर तेलाचा दाब ज्यातून चाकापर्यंत जातो ती पोलादी नळी जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाड असते आणि मिठाच्या चिखलात वर्षानुवर्षं भिजते. २०१५ साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने यावर खास इशारा दिला होता. मीठ पडणारी २० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांची यादी देऊन २००७ किंवा त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना त्यांनी सांगितलं की हिवाळाभर गाडी खालून धुवा, नळ्या तपासून घ्या, आणि पापुद्रे सुटत असतील तर तेवढाच तुकडा न बदलता सगळी जोडणी बदला. माझ्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीवरून बोट फिरवलं तर पापुद्रे हातात आले.

इथल्या वर्कशॉपमध्ये मजुरीच तासाला शंभर-दीडशे डॉलर होते. पण या देशात घरी काम करणाऱ्याची सोय फार चांगली आहे. सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत अनामत रक्कम ठेवून हत्यारं उसनी मिळतात, परत केली की सगळे पैसे परत. बायको तिथून नळीची टोकं फुलवायचं हत्यार घेऊन आली. नवी नळी मी तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची घेतली, ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांसाठी हाच धातू वापरतात. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला यापेक्षा वेगळी खात्री काय हवी! शिवाय तो हाताने वाकतो. जुन्या नळीची वळणं पुठ्ठ्यावर रेखून घेतली आणि त्याबरहुकूम नवी वळवत गेलो. टोक दुहेरी फुलवावं लागतं: आधी कडा आत दुमडायची, मग शंकूसारखी पसरायची. त्यात केसाएवढी चीर राहिली तर तेल झिरपतं. हे काम घाई करणाऱ्याचं नाही, आणि मला घाई करायला वावच नव्हता.

शेवटी नळीतली हवा काढायची. पेडल दाबायला माझा उजवा पाय चालणार नव्हता, म्हणून मुलगी सीटवर बसली. सगळ्यात लांबच्या, म्हणजे उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात. मी खालून ओरडायचो "दाब", ती म्हणायची "दाबलं", मी चाकाजवळचा बारका नट सैल करायचो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत यायचे, नट घट्ट, मग "सोड". तेल काळं यायचं थांबून मधासारखं आलं आणि बुडबुडे संपले, तेव्हा वर तिच्या पायाला पेडल एकदम कडक लागलं. ती ओरडली, "बाबा, आता दगड झालाय!" एवढ्या महत्त्वाच्या कामात तिचा पाय होता, याचं तिला आणि मला दोघांनाही अजून अप्रूप आहे.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना चेसिसशी जोडणारे मागचे धारक अर्धे सडले होते. त्यांचे बोल्ट आठवडाभर गंजात मुरणारं तेल मारूनही हलेनात. शेजारचे आजोबा गाड्यांच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. ते गॅसची ज्योत सोडणारी नळी घेऊन आले, नट लालबुंद होईपर्यंत तापवला आणि पाना लावला, तो सुटला. चेसिस कशी तपासायची तेही त्यांनीच शिकवलं. लहान हातोडी घेऊन इंचाइंचावर ठोकत जायचं. आठवडी बाजारात माठ वाजवून घेतो तसंच. खणखणीत आवाज आला तर आत धातू शाबूत, भद्द आवाज आला तर तिथे खडूची खूण. सगळा गंज खरवडून काढायच्या मागे लागू नकोस, असं ते म्हणाले. वरवरच्या लाल थराला तारेचा ब्रश मारायचा, गंज बदलून टाकणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं, रंग द्यायचा. भार पेलणाऱ्या जागी पोकळी असेल तर रंगाने ती झाकणं म्हणजे स्वतःला फसवणं.

मला हे फार पटलं, कारण त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट हेच वेगळ्या धातूबद्दल सांगत होती. जोडून येणाऱ्या टेंडनमधले तंतू आधी कसेही, आडवेतिडवे वाढतात. त्यांच्यावर बेताने भार पडू लागला की ते भाराच्या दिशेने ओळीत येतात. नुसती विश्रांती दिली तर पट्टा जुळतो, पण कमकुवत राहतो. लवकर जास्त भार दिला तर तो लांबतो, आणि लांबलेला पट्टा पायाला जोर देत नाही. म्हणून टेबलाला धरून दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या, मग हळूहळू वजन दुखऱ्या पायाकडे न्यायचं. सकाळी हा व्यायाम, संध्याकाळी ट्रक. रात्री पाय सुजला की दुसऱ्या दिवशी ट्रकला सुट्टी.

ऑक्टोबरअखेर थंडी पडायच्या आत रंग वाळणं गरजेचं होतं, तेवढं जमलं. त्यावर मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीचा, लॅनोलिनचा, फवारा मारला. तो वाळत नाही, फटींत सरकत राहतो आणि पाणी बाहेर ठेवतो. वास मात्र लोकरीचा येतो. आमच्याकडे होड्यांना माशाचं तेल चोपडायचे, त्याची आठवण झाली. त्या वासाची मला कधी तक्रार नव्हती, याचीही नाही.

तुमच्यापैकी कुणाची मुलं इकडे शिकायला येणार असतील आणि इथे स्वस्तातली जुनी गाडी घेणार असतील, तर त्यांना एवढं सांगा: गाडी किती माइल चालली आहे हे बघायच्या आधी गुडघ्यावर बसून टॉर्चने खाली बघा. दारांखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. ब्रेकच्या नळ्या बघा. चेसिसवर नुकताच काळा कुळकुळीत रंग मारलेला दिसला तर त्याखाली काय आहे हे विचारा, आणि विकणारा हातोडी लावू देत नसेल तर तिथून निघा. टेक्सास किंवा ॲरिझोनातून आलेली गाडी चार पैसे जास्त देऊन घेतलेली परवडते.

माझ्या ट्रकच्या चेसिसवर खडूची एक खूण अजून तशीच आहे, मागच्या आडव्या पट्टीवर. तिथे नवा तुकडा जोडावा लागेल आणि चेसिसचं वेल्डिंग मी स्वतः करणार नाही. त्यासाठी एका जाणत्या वेल्डरची एप्रिलमधली वेळ घेतली आहे. तोवर बर्फ पडून गेला की दर वेळी खालून पाणी मारायचं. ते काम मुलीने स्वतःहून मागून घेतलं आहे.