सहा भागांची मालिका

आज दुपारी 'पोलिस स्क्वॉड!' या अमेरिकी विनोदी मालिकेचे सहाही भाग सलग पाहिले. १९८२ साली एबीसी वाहिनीने अवघे चार भाग दाखवून ती थांबवली आणि उरलेले दोन उन्हाळ्यात उरकले. ही मालिका लक्ष देऊन पाहावी लागते, असे कारण वाहिनीच्या प्रमुखांनी दिले होते. मला तर तेच तिचे मोठेपण वाटते. ध्वनिमुद्रित हशा नाही, मुख्य पोलिस अधिकाऱ्याचे पात्र साकारणाऱ्या लेस्ली नील्सन यांचा चेहरा कमालीचा गंभीर, आणि शेवटी चित्र गोठवण्याऐवजी नटच निश्चल उभे राहतात, तेव्हा कपात ओतली जाणारी कॉफी मात्र वाहतच राहते. ते दृश्य मी तीनदा पाहिले. नील्सन यांच्या याच पात्रावर १९८८ मध्ये 'द नेकेड गन' हा चित्रपट आला आणि गाजला, याचा मनापासून आनंद वाटतो.