भिशीच्या वहीतलं नाव

आमच्या घरात वारी आहे. जसा एखाद्या घरात दमा असतो, एखाद्या घरात पहिलवानकी असते, तशी. पणजोबा चालायचे, आजोबा चालायचे. मी चौथीत असताना तात्या आणि आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्याची आणि वडिलांची वाटणी झाली. विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैल एकेक झाला, देव थोरल्याकडे राहिले. वारीचं कागदावर काही नव्हतं, पण तीही देवांबरोबर तात्यांकडे गेली. पुढच्याच वर्षी विहिरीच्या पाळीवरून बिनसलं आणि मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघे भाऊ तीस वर्षं एकमेकांशी न बोलता जगले. भांडणसुद्धा नाही. नुसतं गप्प.

यंदा तात्यांना 74 पूर्ण झाली. चुलतभावाचा फोन आला, "मला रजा नाही, फलटणपासून तरी तू जा त्यांच्याबरोबर." आप्पांना विचारलं, काही निरोप? ते विळ्याला धार लावत होते. "त्याला काय निरोप द्यायचा?" म्हणाले आणि लावत राहिले.

फलटणच्या तळावर राहुटी सापडायला दीड तास गेला. तात्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघितलं. "बूट नवं हायत. फोड येणार." बरडच्या मुक्कामाला दोन्ही टाचा टरारल्या होत्या. तात्यांनी सुईत दोरा ओवला, माझा पाय मांडीवर घेतला आणि फोडातून दोरा आरपार काढून तसाच ठेवला. पाणी झिरपून जातं. चाळिशीतल्या माणसाचा पाय कुणी मांडीवर घेतला की कुठं बघावं ते कळत नाही. मी राहुटीच्या दोरखंडाकडे बघत बसलो.

वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात. 'माउली, पाय घ्या बाजूला.' 'माउली, लायनीत या.' टँकरपाशी शिवी देता देता जीभ वळून माउलीवर येते. शब्द आईचा आहे. विठोबा आई, ज्ञानोबा आई, पंढरपूर माहेर. या पंथाला बोलायला घरातलेच शब्द लागतात. पण ते घर काही सुखाचं नव्हतं. ज्ञानोबांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंनी संसारात परत पाठवलं, गावानं वाळीत टाकलं, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि चार भावंडं उघड्यावर आली. पुढं ज्ञानदेव लोकांवर रुसून दार लावून बसले, तेव्हा ताटी उघडा म्हणून विनवणारी सगळ्यांत धाकटी मुक्ताई होती. आज निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, ज्ञानोबांची आळंदीहून, सोपानदेवांची सासवडहून, मुक्ताईची मुक्ताईनगरहून. चार भावंडं, चार वाटा, आणि गाठभेट पंढरपूरच्या वेशीजवळ. खुद्द विठोबाच्या घरीही तेच. रखुमाई रुसून आली म्हणतात, आणि अजून वेगळ्या देवळात उभी आहे. देव विटेवर का, तर पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता आणि त्यानं पाहुण्याला थांब म्हटलं.

(आप्पांचे गुडघे दुखतात आणि मी इथं चालतोय, हे पुंडलिकाच्या हिशेबात बसत नाही. तात्यांना बोललो तर म्हणाले, "चालतोयस तर गप चाल.")

धर्मपुरीला सातारा जिल्हा संपला. नातेपुत्याच्या मुक्कामी संध्याकाळी समाजआरतीला उभे होतो. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं, इतकं की लांबच्या शेतातलं इंजिन ऐकू येतं. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी. पण त्या शांततेत एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला. मला वाटलं, यांना दंड दिसला नसावा. तात्या म्हणाले, "तक्रार हाय त्यांची." ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतो. त्या दिवशी पाण्याचं काही होतं. पाचेक मिनिटांत मिटलं. आमच्या घरात दंड वर झाला तेव्हा दोन्हीकडचे टाळ एकदम थांबले होते. कुणीच वाजवला नाही.

त्याच रात्री भिशी भरायला वहीवाल्या बुवांकडे गेलो. दिंडीत जेवणाखाण्याची भिशी असते, म्हणजे वर्गणी, प्रत्येकाची वेगळी. मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. बुवांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हंजे तू त्यांचा का? त्यांची भिशी आली की."

"माझी अजून भरायचीय."

"तुझी न्हवं. तुझ्या बापाची."

वही माझ्याकडे फिरवली. तात्यांच्या नावाखाली आप्पांचं नाव, पुढं रक्कम, पुढं 'जमा'. मागच्या वर्षीच्या पानावरही तसंच. बुवांकडे सात वह्या होत्या, सातही वह्यांत होतं. त्याआधीच्या वह्या कसरीनं खाल्ल्या. बुवा म्हणाले, "माणूस कधी आलं न्हाई. पण पैसं कधी चुकलं न्हाईत. त्याचं पान वाटेवरच्या कुणाला तरी वाढतो आमी."

तात्यांना विचारायला शब्द जुळवत दोन दिवस चाललो. सदाशिवनगरच्या रिंगणात घोडा धावला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पडले, मीही पडलो, आणि डोक्यात वहीच होती. माळशिरसच्या पुढं एका लिंबाखाली शेवटी विचारलं. तात्यांनी पटका सोडून पुन्हा बांधला. "वारी घराची हाय. माज्या एकट्याची कुठाय? वाटणी रानाची झाली." एवढंच. मग म्हणाले, "त्याला सांगू नगं. पैसं पाठवील."

पाठवलेच असते. आप्पांचा स्वभाव तोच आहे.

वेळापूरच्या पुढं तोंडले-बोंडले इथं बंधुभेट होते. माउलींचा रथ आणि सोपानकाकांचा रथ शेजारी शेजारी येतात, दोन्हीकडचे मानकरी एकमेकांना नारळ देतात. एवढंच होतं, पण त्यासाठी लोक झाडांवर चढून बसलेले असतात. आम्हांला काही दिसलं नाही. पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस, आणि तिच्यापलीकडे रथाचा कळस तेवढा. गजर वाढला त्यावरून कळलं, भेट झाली. तात्यांनी त्या दिशेला हात जोडले.

मी फोन लावला. आप्पांनी उचलला. "कुठवर आलास?" म्हणाले. मी उत्तर न देता फोन तात्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो आरशासारखा तोंडासमोर धरला. कोण आहे ते मी सांगितलं नव्हतं, पडद्यावर 'आप्पा' दिसत होतं. तात्यांना वाचता येतं. बराच वेळ नुसता टाळांचा आवाज जात असणार तिकडं. मग ते ओरडून बोलले, गजरावरून ऐकू जावं म्हणून, "पाऊस झाला का? बाजरी टाकलीस का?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तात्या ऐकत राहिले. मधेच म्हणाले, "खालच्या तुकड्यात टाकू नगं, पाणी धरतं तितं." पुन्हा ऐकलं. मग फोन माझ्याकडे दिला.

"ठिव," म्हणाले, "चार्जिंग संपंल तुजं."