मार्कन: तासाभरात उरकू नका

आई तीन महिने आमच्याकडे नेदरलँड्सला, आम्स्टेलफेनला आली होती, ट्युलिप बघून झाले, पवनचक्क्या बघून झाल्या, मग म्हटलं मार्कनला जाऊ, आम्स्टरडॅमजवळचं जुनं मच्छीमारांचं गाव. बरेचजण जवळच्या फोलेंडाम गावासोबत जोडून टूरने जातात, तिथे तासभर मिळतो, त्यात लाकडी बूट बनवायचा डेमो बघायचा, फोटो काढायचे की परत बसमध्ये. तसं करू नका प्लीज. किमान चार तास द्या.

आम्स्टरडॅम सेंट्रलच्या मागच्या बाजूला, पाण्याकडे, वरच्या मजल्यावर बस स्टँड आहे, तिथून ३१५ नंबरची बस थेट मार्कनला जाते, पाऊण तास धरा, चढताना आणि उतरताना कार्ड टॅप करायला विसरू नका. शेवटचा भाग सरळ बंधाऱ्यावरून जातो, दोन्हीकडे पाणी. हा रस्ता १९५७ सालचा, त्याआधी मार्कन खरंखुरं बेट होतं, बोटीशिवाय जाताच यायचं नाही. गाडीने गेलात तर गावाच्या तोंडाशीच पैसे देऊन पार्क करावी लागते, आत चालतच.

गावात घरं लाकडी, हिरवी किंवा डांबरासारखी काळी, पांढऱ्या पट्ट्या, एकमेकांना अगदी चिकटून. आणि सगळी उंचवट्यावर झुंडीने बसलेली. आई मूळची अलिबागकडची, तिने बघताक्षणी विचारलं, "जोतं एवढं उंच कशाला?" कारण पाणी! पूर्वी इथे झाउदरझे नावाचा समुद्र होता, बेटाला धड बंधारे नव्हते, वादळात पाणी थेट आत यायचं, म्हणून आधी मातीचे ढीग रचून त्यावर घरं बांधली आणि ढिगांवर जागा संपल्यावर लाकडी खांबांवर, म्हणजे पाणी आलं तर खालून निघून जावं. बंदराच्या बाजूची घरं बघताना खाली वाकून बघा, आता फळ्या मारून तो भाग बंद केलाय पण उंची कळते. तरी १३-१४ जानेवारी १९१६ च्या रात्री पुराने इथली १६ माणसं गेली. त्यानंतर कॉर्नेलिस लेली या इंजिनिअरचा समुद्र अडवायचा प्लॅन मंजूर झाला, १९३२ ला मोठा बंधारा पूर्ण झाला, समुद्राचा गोड्या पाण्याचा तलाव झाला. पूर थांबला आणि समुद्राची मासेमारीही गेली. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "जीव वाचला, धंदा गेला."

म्युझियम छोटंसं आहे, जुन्या धुराच्या घरांमध्ये, म्हणजे धुराडं नसायचं, चुलीचा धूर छपरातल्या भोकातून जायचा. भिंतीतल्या कपाटासारखे पलंग बघून आईला हसू आवरेना. पारंपरिक कपडेही आहेत, लहान मुलगेसुद्धा मुलींसारखे घागरे घालायचे. हिवाळ्यात बंद असतं, बघून जा. १९०४ चं चर्च उघडं मिळालं तर आत डोकवा, छताला मासेमारीच्या बोटींची मॉडेल्स टांगलीयत.

आता खरं सांगायचं ते दीपगृह. 'मार्कनचा घोडा' म्हणतात त्याला, आत्ताची इमारत १८३९ ची, बेटाच्या पूर्वेच्या टोकाला. बंदरापासून साधारण पाऊण तास चालत, सपाट आहे पण वारा असा की आईने पदर कमरेला खोचला आणि वरून माझं जॅकेट घातलं. विंडचीटर घ्याच, छत्री नेऊ नका, उलटी होते. आत जाता येत नाही, लोक राहतात तिथे, बाहेरूनच बघायचं, पण वाटेत बदकं, मेंढ्या, एकीकडे पाणी, टूरची गर्दी नाही. वाटेत दुकान नाही, पाणी गावातूनच भरून घ्या. आणि गावातसुद्धा लोकांच्या खिडक्यांत डोकावू नका हां, ती राहती घरं आहेत, सेट नव्हे.

खायचं म्हणजे बंदरावर तळलेला मासा, कुरकुरीत, भारी. शाकाहारी असाल तर पॅनकेक नाहीतर ॲपलचा केक, बाकी डबा नेलेला बरा, आम्ही थेपले नेले होते. कार्ड ठेवा, इकडे बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत.

परतीला फोलेंडामची बोट घ्यायचा बेत होता, अर्ध्या तासाची, मस्त असते म्हणे. पण दीपगृहापाशी आम्ही इतके रेंगाळलो की शेवटची बोट डोळ्यांसमोर निघून गेली, चूक माझीच, वेळ बघितलाच नव्हता. हिवाळ्यात तर बोटीच्या भरवशावर राहूच नका. बसने परत आलो, आई शेवटपर्यंत खिडकीतून मागे बघत होती.