करास म्हणजे रांजणच की!

भाचा आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला एमबीबीएस करतो. परवा सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत स्वेटरच्या बाहीत कोंबलेली वाइनची एक बाटली. "मावशी, आरेनी आहे. फ्रीजमध्ये ठेवू नकोस हं." एप्रिलचं पुणं, वरून गच्ची तापलेली. ठेवलीच मी फ्रीजमध्ये.

आरेनी हे द्राक्षाचं नाव आणि आर्मेनियातल्या एका गावाचंही. त्या बाजूचे मळे १,४०० मीटरपर्यंत चढतात, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याहून वर. दिवसा रणरणतं ऊन, रात्री गारठा, त्यामुळे साल जाड. फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरचे मळे फस्त केले, तिकडे अमेरिकन खुंटावर कलमं बांधावी लागली. आरेनीकडचे वेल मात्र अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत.

बाटलीवर घड्याचं चित्र होतं. भाचा म्हणाला, हा करास. मातीचा, माणसाएवढा, जमिनीत पुरलेला, त्यात वाइन आंबते आणि मुरते.

"म्हणजे रांजण," आई म्हणाली.

आई चौऱ्याऐंशीची. तिच्या लहानपणी कसबा पेठेतल्या वाड्यात न्हाणीघराबाहेर अर्धा पुरलेला रांजण होता. तिची पहिली शंका चोख होती: "पाझरत नाही का रे?" पाझरतो म्हणून तर रांजणातलं पाणी गार पडतं! भाच्याला उत्तर येईना. मग रात्री मीच शोधलं. करासला आतून मधमाश्यांचं मेण लावतात. पाझर थांबतो, पण माती थोडा श्वास घेतच राहते. आणि गारवा येतो तो भोवतालच्या जमिनीचा. लाकडी पिंपासारखा स्वतःचा वासही माती वाइनला लावत नाही.

मग मला झोप कुठली. आरेनीजवळच्या एका गुहेत द्राक्षं तुडवायची मातीची उथळ जागा सापडली आहे, शेजारी रस साठायला पुरलेला घडा. सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीची. २०११ मध्ये हे जाहीर झालं. त्याच गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडा मिळाला, आणि मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या कोवळ्या वयाच्या मुलांच्या कवट्याही. इथे मी थबकले. आपल्या शिरूरजवळच्या इनामगावात, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. तरी मडक्याकडे माणूस काय काय सोपवतो!

येरेवानलगत कार्मिर ब्लुर नावाची टेकडी आहे. तिथल्या उरार्तू या प्राचीन राज्याच्या काळातल्या किल्ल्यात वाइनचे शेकडो करास मिळाले, वर मापं कोरलेली. कार्मिर म्हणजे लाल. आपल्या 'किरमिजी'चा लांबचा भाऊ. दोघांचं मूळ रंग देणाऱ्या किड्यात, संस्कृत कृमीच्या कुळात.

सोव्हिएत काळात वाइन करायचं काम शेजारच्या जॉर्जियाकडे गेलं, आर्मेनियाच्या वाट्याला मुख्यतः ब्रँडी आली. नवे करास घडवणारे हातही मग विरळ झाले. अलीकडे वाइन करणाऱ्यांनी खेड्यातल्या तळघरांतून जुने करास जमवून पुन्हा वापरात आणले. हे वाचून दाखवलं तर आई गप्पच. वाडा पाडला तेव्हा तिचा रांजण निघेना, म्हणून पहारीने फोडला होता.

दुसऱ्या दिवशी बाटली उघडली. आईने स्टीलच्या वाटीत दोन घोट घेतले. "आमसुलाच्या सारात मिरी जास्त झाली." मला ती आवडली, फ्रीजमधून काढल्यावर अर्ध्या तासाने तर फारच. भाच्याने दोन पेले घेतले आणि सोफ्यावर झोपला.

शनिवारी आईला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवायचं ठरवलंय. तिने एवढंच विचारलं, "पायऱ्या किती आहेत?"